काळ्या दगडाची लाज कशाला?

मशिदी दोन प्रकारे पुसल्या जातात. पहिला प्रकार आपल्याला तोंडपाठ आहे. कोणीतरी न्यायालयात अर्ज करतो, कोणीतरी टीव्हीवर ओरडतो, मग सर्वेक्षण, मग बंदोबस्त. त्यावर आपण बोलतो, लिहितो, स्टेटस ठेवतो, आणि ते करायलाच हवं. दुसऱ्या प्रकारावर मात्र कोणी बोलत नाही. तो आपल्याच चंद्यातून, आपल्याच कमिटीच्या ठरावाने आणि जुम्याच्या नमाजनंतर मिठाई वाटून होतो. त्याला आपण 'रिनोव्हेशन' म्हणतो. हा लेख त्या दुसऱ्या प्रकाराविरुद्ध आहे.

ठाणे, मुंब्रा, कल्याण, भिवंडी आणि खाडीकाठची आपली गावं फिरून बघा. जुन्या मशिदीचं काम निघालं की एक ठरलेलं पॅकेज येतं. दगडी भिंतीवर सिमेंटचा गिलावा, त्यावर ऑइल पेंट. फरशी काढून चकचकीत ग्रॅनाइट. लाकडी खांबांना टाइल्सचे कपडे. छताला पीओपी, त्यात एलईडीच्या पट्ट्या. दर्शनी बाजूला अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या काचा. वर हिरवा फायबरचा घुमट आणि दोन पेन्सिलीसारखे मीनार. उद्घाटनाच्या फलकावर देणगीदारांची नावं कोरलेली असतात. जुनी मशीद कधीची, कोणी बांधली, तिच्यात काय होतं, याची एक ओळही नसते. पैसे थोडे जास्त जमले तर भिंती रंगवायच्याही भानगडीत कोणी पडत नाही. सरळ जेसीबी येतो.

काहींना हा सौंदर्याचा, आवडीनिवडीचा मुद्दा वाटेल. मला तो आपल्या नागरिकत्वाचा वाटतो. आपण या मातीत किती जुने आहोत याचा जो पुरावा हाताने चाचपून बघता येतो, तो आपण स्वतः तोडतो आहोत, हे माझं म्हणणं आहे.

आपण कधीपासून आहोत?

हा प्रश्न आपल्याला रोज विचारला जातो, म्हणून उत्तर नीट माहीत असावं. पालघर जिल्ह्यातल्या (म्हणजे काही वर्षांपूर्वीपर्यंत आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या) चिंचणीला ताम्रपट सापडले. त्यातला एक शके ८४८चा, म्हणजे इ.स. ९२६चा आहे. राष्ट्रकूट राजा तिसऱ्या इंद्राच्या वतीने संयान प्रदेशाचा कारभार बघणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव त्यात आहे मधुमती. अभ्यासकांच्या मते हे 'मुहम्मद'चं संस्कृत रूप, कारण ताम्रपटच त्याला 'ताजिक' म्हणजे अरब म्हणतो. आणि हा ताम्रपट आहे कशाचा? एका ब्राह्मणाने उभारलेल्या मठिकेला दिलेल्या दानाचा. त्याच्या साधारण दहा वर्षं आधी, ९१६च्या सुमारास, प्रवासी अल-मसूदी चौलला आला होता. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात आणि त्यांचा कारभार बघणारा प्रमुख त्यांच्यातलाच असतो, असं त्याने लिहून ठेवलं. त्याच शतकातल्या अरब भूगोलकारांनी संजाण आणि चौलसारख्या बंदरांत जामा मशिदी असल्याची नोंद केली आहे.

हे सगळं दिल्लीत सुलतान बसण्याच्या जवळजवळ तीनशे वर्षं आधीचं. कोकण किनाऱ्यावर इस्लाम घोड्यावरून आला नाही, गलबतातून आला. राष्ट्रकूट राजांच्या परवानगीने इथे मशिदी उभ्या राहिल्या. ही आपली सुरुवात आहे आणि तिची आपल्याला लाज वाटण्यासारखं काहीच नाही.

त्या दहाव्या शतकातल्या मशिदी आज उभ्या नाहीत. पण त्यानंतर हजार वर्षांत या पट्ट्यात जी बांधकामं झाली त्यांतली काही आहेत. कल्याणला शेणाळे तलावाच्या, म्हणजे ज्याला आपण काळा तलाव म्हणत आलो त्या तलावाच्या काठी काळी मशीद आहे. जवळच मातबर खानाची कबर. हा नवायत घराण्यातला, औरंगजेबाच्या काळातला कल्याणचा फौजदार. ठाणे जिल्ह्याच्या १८८२च्या गॅझेटियरमध्ये कल्याणची प्रेक्षणीय स्थळं म्हणून तलाव, मशीद आणि कबर यांची नोंद आहे. ब्रिटिश अधिकाऱ्याने ती केली. त्यानंतरच्या सुमारे दीडशे वर्षांत आपण, ज्यांची ती मशीद आहे, त्यांनी किती पानं लिहिली? कल्याण-डोंबिवलीतल्या किती तरुणांनी तिच्या दगडाकडे थांबून पाहिलं? शेजारच्या बागेत फिरायला जाणाऱ्यांत आपलेही लोक असतातच की.

काळा दगड काय सांगतो

मशिदीच्या नावातला 'काळी' हा शब्द म्हणजे बेसॉल्ट. तोच दगड ज्यात कान्हेरी, अजिंठा-वेरूळ कोरलं गेलं, ज्यातून अंबरनाथचं शिवमंदिर उभं राहिलं, ज्याने शिवरायांचे गड बांधले गेले. अंबरनाथचं मंदिर १०६०चं, कल्याणहून लोकलने काही मिनिटांवर. सह्याद्रीच्या पोटातल्या एकाच दगडाने सगळ्यांची घरं बांधली. सुरुवात इथून करायला हवी.

दख्खनमध्ये या दगडाला हाताळण्याची एक स्वतंत्र भाषा तयार झाली. ती वाचायला कोणतीही पदवी लागत नाही, फक्त नजर लागते. घुमटाच्या तळाशी बघा. आदिलशाही घुमट भिंतीवर ठेवलेल्या वाटीसारखा नसतो. तो कमळाच्या पाकळ्यांतून उमलून वर येतो. छज्जाखाली बघा. त्याचं वजन पेलणारे दगडी तोडे देवळांतल्या आणि वाड्यांतल्या तोड्यांचे सख्खे भाऊ आहेत. कमानीच्या दोन्ही खांद्यांवर चुनेगच्चीची गोल फुलं असतात, आणि ती फुलं एका वळणदार देठावर उभी असतात. मिहराबमध्ये कधी साखळीला टांगलेला दिवा कोरलेला दिसतो. कुरआनातल्या सूरह नूरमध्ये अल्लाहच्या प्रकाशासाठी कोनाड्यातल्या दिव्याची उपमा आली आहे. ज्या कारागिराने तो दिवा कोरला त्याने ती आयत दगडात भाषांतरित केली.

ही भाषा शिकायची असेल तर दाभोळला जा. वाशिष्ठीच्या खाडीकाठी आदिलशाही काळातली शाही मशीद आहे. लोक तिला अंडा मशीदही म्हणतात. एक घुमट, चार मीनार, काळा दगड, समोर पाणी. विजापूरची जामा मशीद पाहिलेल्याला ती लगेच ओळखीची वाटते, जणू तिचीच कोकणातली धाकटी बहीण. एका शहजादीने हजला निघाल्यावर वाट अडल्यामुळे ते पैसे या मशिदीवर खर्च केले, अशी कथा तिथे सांगतात.

मग विजापूरला जा. पहिल्या अली आदिलशहाच्या काळात सुरू झालेल्या तिथल्या जामा मशिदीची भव्यता तिच्या साधेपणात आहे. पांढऱ्या भिंती, कमानींमागे कमानी. आणि मधोमध एकच जागा रंगाने आणि सोन्याने भरलेली: १६३६ सालचा मिहराब. त्यात खोटे कोनाडे रंगवले आहेत आणि त्या कोनाड्यांत ग्रंथ, सुरया. बाकी सगळी इमारत शांत ठेवून नजर एका ठिकाणी नेणं, ही अक्कल त्या कारागिरांना होती. आज आपण भिंत, छत, खांब, फरशी सगळ्यांवर एकाच वेळी चमक ओततो आणि नमाजीला कुठे बघावं ते कळत नाही.

गुलबर्ग्याच्या किल्ल्यातली जामा मशीद १३६७ची. रफी नावाच्या, इराणातल्या कझवीनच्या वास्तुकाराचं नाव तिच्या शिलालेखात आहे. या मशिदीला उघडं सहनच नाही, संपूर्ण इमारत छताखाली आहे. वर एक मोठा घुमट आणि त्याच्याभोवती साठाहून जास्त छोटे घुमट. साडेसहाशे वर्षांपूर्वीही मशिदीचा एकच साचा नव्हता, हे यातून कळतं.

कौलारू मशिदीचं काय?

दगडी मशिदी राजांच्या, फौजदारांच्या. कोकणी मुसलमानाची रोजची मशीद निराळी होती. जांभा किंवा काळा दगड, चुना, सागवानी खांब, त्यावर तुळया, वासे, आणि उतरतं कौलारू छप्पर. वजूसाठी हौद, बाजूला विहीर. पुढे ओटी, जिथे मुसाफिर झोपायचा आणि मुलं अलिफ-बे शिकायची. बाहेरून ती गावातल्या मोठ्या घरासारखी दिसे. घुमट नाही, उंच मीनार नाही.

आणि नेमकं इथेच आपल्या लोकांना कमीपणा वाटतो. 'ही मशीद वाटत नाही,' असं मी कितीदा ऐकलं आहे. मशीद वाटण्यासाठी काय लागतं? घुमट, मीनार, हिरवा रंग. ठीक आहे, मग थोडा इतिहास तपासू.

मदिनेत प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बांधलेल्या मशिदीला खजुराच्या खोडांचे खांब होते आणि झावळ्यांचं छप्पर. तिला मीनार नव्हता. कोनाड्यासारखा खोल मिहराबही नव्हता. तो आठव्या शतकाच्या सुरुवातीला, उमय्या खलिफा वलीदच्या काळात मशीद पुन्हा बांधताना आला. रौजा मुबारकवर पहिला घुमट १२७९ साली उभारला गेला. आणि तो घुमट हिरवा झाला १८३७ साली. म्हणजे ज्या हिरव्या घुमटावाचून आपल्याला मशीद अपुरी वाटते, तो रंग जगाला जेमतेम दोनशे वर्षांचा आहे. विजापूरचा तो मिहराब त्याहून दोनशे वर्षांनी जुना.

पेन्सिलसारखे मीनार आणि एकात एक घुमट ही तुर्कांची शैली. मिमार सिनानने ती शिखरावर नेली. पण सिनानसमोर कोणता नमुना होता? ५३७ सालची आया सोफिया, म्हणजे बायझंटाईन चर्च. तुर्कांनी आपल्या मातीत जे होतं ते घेतलं आणि त्यातून आपलं केलं. जावा बेटावर देमाकची मशीद एकावर एक चढत जाणाऱ्या उतरत्या छपरांची आहे. चीनमध्ये शिआनची मोठी मशीद बाहेरून चिनी राजवाड्यासारखी दिसते. कालिकतची मिश्काल मशीद लाकूड आणि कौलांची, अनेक मजल्यांची. १५१०मध्ये पोर्तुगीजांनी ती जाळली, लोकांनी पुन्हा तशाच पद्धतीने उभी केली. मालीमधल्या जेन्नेची मशीद मातीची आहे. दरवर्षी सगळं गाव एकत्र येऊन तिला मातीचा नवा हात देतं, आणि तो दिवस तिथे सणासारखा असतो.

मुसलमान जिथे गेला तिथल्या दगडाला, लाकडाला, पावसाला त्याने आपलं मानलं. ही इस्लामी परंपरा आहे. कल्याण तालुक्यातल्या गावात इस्तंबूलची नक्कल ही परंपरा नाही, ती कॅटलॉगमधली खरेदी आहे. आणि जे आपल्याला 'तुम्ही बाहेरचे' म्हणतात, त्यांना दाखवायला आपण स्वतःच बाहेरचा देखावा उभा करतो. कौलं उतरवून आपणच त्यांचं काम सोपं करतो.

भिंतीला श्वास लागतो

आता थोडं तंत्राचं. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण पदवी अभियांत्रिकीची आहे आणि एवढी गोष्ट कोणत्याही जुन्या गवंड्यालाही ठाऊक असते.

जुनी भिंत दगड आणि चुना यांची असते. आपल्याकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पाणी भिंतीत शिरणारच. चुन्याच्या दर्जांतून ते पुन्हा बाहेर निघतं, भिंत उन्हाळ्यात वाळते. चुना मऊ असतो, म्हणून इमारत थोडी हलली तरी तो सांभाळून घेतो. आता या भिंतीवर आतून-बाहेरून सिमेंट आणि ऑइल पेंट चढवला की काय होतं? पाणी आत तसंच जातं, छपरातून, जमिनीतून. बाहेर पडायची वाट बंद. मग ते आतले क्षार विरघळवतं, पृष्ठभागापाशी आणून साठवतं, आणि दोन-तीन पावसाळ्यांत पोपडे निघायला लागतात. तुळयांची टोकं भिंतीत असतात, तीही दमट राहून कुजतात, पाठोपाठ वाळवी येते. मग कमिटी म्हणते, 'इमारत जुनी झाली, धोकादायक आहे.' म्हणजे आजार दिला रंगाने आणि मृत्यूचा दाखला मात्र वयाच्या नावाने.

माझ्या क्षेत्रात एक साधा नियम आहे. जुन्या प्रणालीतली एखादी ओळ का लिहिली आहे ते कळेपर्यंत ती पुसायची नाही. आणि पुसण्याआधी तिची प्रत ठेवायची. पंधरा हजार रुपयांच्या वेबसाइटसाठी आपण हे पाळतो. तीनशे वर्षांच्या मशिदीसाठी पाळत नाही.

मीटिंगमधले तीन प्रश्न

एका गावातल्या मशिदीच्या कामाची मीटिंग होती. नाव सांगत नाही, सांगण्याने काही साधत नाही. मी जुन्या लाकडी भागाबद्दल बोलायला उभा राहिलो. सेक्रेटरी चाचांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि तीन प्रश्न विचारले. ते प्रश्न तुम्हालाही विचारले जातील, म्हणून इथे नोंदवतो.

पहिला: "बेटा, जुम्याला लोक रस्त्यावर उभे राहतात. जागा कुठून आणू?" हा खरा प्रश्न आहे आणि त्याला टाळून वारशाच्या गप्पा मारणं हा उद्धटपणा ठरेल. रस्त्यावरच्या नमाजवरून आजकाल गुन्हे दाखल होतात, त्यामुळे जागा हवीच. पण जागा वाढवायची तर जुनं पाडलंच पाहिजे असं नाही. जुना गाभा तसाच ठेवून मागे किंवा बाजूला नवी इमारत जोडता येते, सहनावर हलकं छप्पर घालता येतं, ट्रस्टच्या शेजारच्या चाळीत मजले चढवता येतात. अशी जागा आहे का, हे आधी कागदावर मांडून बघावं. त्या मीटिंगमध्ये एकच आराखडा होता, कंत्राटदाराचा. दुसरा मागवलाच नव्हता. आणि जागेचाच विषय निघाला तर विचारतो: नव्या तीन मजल्यांत आपल्या आयाबहिणींसाठी किती चौरस फूट ठेवले होते? शून्य.

दुसरा: "नमाज कुठेही होते. अल्लाहला दगडाशी काय करायचं आहे?" अगदी बरोबर. नमाज कुठेही होते, म्हणूनच ग्रॅनाइट, झुंबर आणि फायबरच्या घुमटाचीही गरज नाही. हा युक्तिवाद जुन्याविरुद्ध चालतो तर नव्याविरुद्धही चालला पाहिजे. साधेपणाच्या नावाने जुनं पाडायचं आणि त्या जागी दिखावा उभारायचा, हे जमणार नाही. जुन्या इमारतीची दुरुस्ती बहुतेक वेळा नव्यापेक्षा स्वस्त पडते. वाचलेल्या पैशांत मुलींची फी भरा, अभ्यासिका काढा. मला तीच मशीद जास्त मशीद वाटेल.

तिसरा प्रश्न त्यांनी हळू आवाजात विचारला: "वारसा म्हणून नाव लागलं आणि सरकारने ताबा घेतला तर?" ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. तिला कारणं आहेत. २०२५च्या वक्फ सुधारणा कायद्याने 'वापरामुळे वक्फ' ही संकल्पना पुढच्या काळासाठी काढून टाकली. आधी नोंदलेल्या मिळकती टिकतील, पण वाद असेल किंवा जमीन सरकारी असल्याचा दावा असेल तर तेही संरक्षण नाही. संरक्षित स्मारक असलेल्या जागेची वक्फ म्हणून केलेली घोषणा निरर्थक ठरेल, असंही त्यात कलम आहे. १९९१चा प्रार्थनास्थळ कायदा १५ ऑगस्ट १९४७चं स्वरूप कायम ठेवतो, पण १९५८च्या पुरातत्त्व कायद्याखालच्या स्मारकांना तो लागू नाही. हे सगळं न्यायालयांपुढे आहे आणि चाचांची काळजी रास्त आहे.

पण त्या काळजीतून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. जेव्हा तोंडी परंपरेचं वजन कमी होतं तेव्हा कागदाचं आणि दगडाचं वजन वाढतं. दुर्गाडीचा दावा आपल्याच शहरात १९७६ साली दाखल झाला आणि डिसेंबर २०२४मध्ये तो फेटाळला गेला. अठ्ठेचाळीस वर्षं. एवढ्या काळात साक्षीदार मरतात, आठवणी विरतात. मोजमाप केलेला नकाशा, तारखेसह फोटो, वाचलेला शिलालेख, जुना सातबारा आणि सिटी सर्व्हेचा उतारा तेवढे उरतात. तीनशे वर्षांची मशीद पाडून नवी बांधली की कागदावर ती कितीची होते? यंदाची. आपल्या हाताने आपण आपलं वय शून्यावर आणतो आणि मग वय सिद्ध करायला वकील लावतो.

शिवाय नोंद करणं आणि ताबा देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केंद्राचं संरक्षित स्मारक, राज्याचं संरक्षित स्मारक आणि पालिकेची वारसा यादी यांचे कायदे वेगळे, परिणाम वेगळे. कुठे अर्ज करायचा, करायचा की नाही, हे जमातीने वकिलाला विचारून ठरवावं. पण स्वतःची मशीद स्वतः मोजून, स्वतः फोटो काढून ठेवायला कोणाचीच परवानगी लागत नाही. घाबरायचं कशाला?

अवघड दगडही दाखवू

इथे एक गोष्ट टाळली तर लेख खोटा ठरेल. दौलताबादची जामा मशीद १३१८ची, कुतबुद्दीन मुबारक खिलजीच्या काळातली. तिचे खांब देवळांतून आणलेले आहेत, ते उघड्या डोळ्यांना दिसतं. निजामाचं राज्य १९४८ साली संपल्यानंतर त्याच मशिदीत भारतमातेची मूर्ती बसवली गेली, ती आजही आहे. म्हणजे एकाच इमारतीत दोन्ही बाजूंचे घाव आहेत.

आपल्यातले काही जण म्हणतील, असं काही लिहू नका, त्यांच्या हातात कोलीत मिळेल. माझं मत वेगळं आहे. जो समाज आपले सगळे दगड उजेडात ठेवतो त्यालाच दुसऱ्याच्या अफवेला 'खोटं' म्हणायचा अधिकार मिळतो. एका सुलतानाने सातशे वर्षांपूर्वी काय केलं याचा हिशेब कल्याणच्या रिक्षावाल्याने किंवा मुंब्र्याच्या विद्यार्थिनीने देण्याची गरज नाही. आणि ते झाकण्याचीही गरज नाही. पण हेही तितकंच ठासून सांगा की दौलताबाद म्हणजे सगळ्या मशिदी नव्हेत. कोकणातली एखादी मशीद गावकऱ्यांनी खाणीतून दगड आणून, जंगलातलं साग आणून बांधली असेल, तर तेही तिच्या दगडांवरूनच सिद्ध होतं: छिन्नीच्या खुणांवरून, एकसारख्या मापावरून, सांध्यांवरून. तो दगड सिमेंटखाली गाडला की आपला निर्दोषपणाचा पुरावाही गाडला जातो. मग उद्या कोणी म्हणालं की 'आत काहीतरी दडलं आहे', तर आपण काय दाखवणार? टाइल्स?

मग करायचं काय?

ट्रस्टींना शिव्या घालून काही होणार नाही. बहुतेक कमिट्यांत साठीच्या पुढची माणसं आहेत, त्यांनी आयुष्यभर घाम गाळून चंदा जमवला आहे आणि त्यांना मशीद सुंदर करायची आहे. सुंदर म्हणजे काय, हे त्यांना फक्त कंत्राटदाराने सांगितलं. आपण सांगितलं नाही, कारण आपण मीटिंगलाच जात नाही. म्हणून कामाची यादी आपल्यासाठी देतो.

एक, तुमच्या मशिदीचे फोटो काढा. सेल्फी नव्हे. प्रत्येक भिंत समोरून, प्रत्येक खांब चारही बाजूंनी, प्रत्येक कोरीव भाग जवळून, शेजारी मोजपट्टी ठेवून. लागोपाठचे फोटो एकमेकांवर निम्म्याहून जास्त सरकतील असे घ्या. मेशरूमसारखं मोफत सॉफ्टवेअर त्यातून त्रिमितीय प्रतिकृती तयार करतं. फोटो काढायला साधा मोबाइल आणि एक मोकळी दुपार पुरते.

दोन, शिलालेख शोधा. तो दारावर, मिहराबवर, विहिरीच्या काठावर, कधी रंगाच्या थराखाली असतो. घासू नका, अ‍ॅसिड लावू नका. तिरप्या उजेडात फोटो काढा, अक्षरं उठून दिसतात. वाचता येत नसेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची अरबी-फारसी शिलालेखांची शाखा आपल्याच राज्यात, नागपूरला आहे. त्यांना पत्र लिहा. फारसी लेखांत सन पुष्कळदा आकड्यांत नसतो, शब्दांत लपवलेला असतो. अबजद पद्धतीने प्रत्येक अक्षराला किंमत असते आणि ओळीची बेरीज म्हणजे हिजरी सन. ७८६ हा आकडा रिक्षावर लावणाऱ्या आपल्या समाजाला ही पद्धत शिकणं अवघड जाऊ नये.

तीन, म्हाताऱ्यांना विचारा. छप्पर शेवटचं कोणी शाकारलं, सुतार कुठल्या गावचा होता, हौदाचं पाणी कुठून यायचं. फोनवर रेकॉर्ड करा. चुन्याची घाणी चालवलेला गवंडी अजून हयात असेल तर तो तुमच्या गावचा प्राध्यापक आहे, मग तो कोणत्याही धर्माचा असो. बहुतेक वेळा तो आपला नसतोच, आणि हाही इतिहासच आहे.

चार, कमिटीपुढे एक ठराव ठेवा: कोणतंही बांधकाम किंवा रंगकाम करण्याआधी मोजमाप आणि फोटो, आणि एका संवर्धन वास्तुविशारदाचं मत. बस्स, एवढंच. पाडायचं नाही असं म्हणू नका, आधी नोंद करा असं म्हणा. याला नाही म्हणणं कोणत्याही भल्या माणसाला अवघड जाईल.

पाच, ज्या बहिणी स्थापत्य, आर्किटेक्चर, इतिहास शिकत आहेत त्यांना या कामात पुढे करा. मशीद मोजायला आलेल्या मुलीला दारात अडवणाऱ्या कमिटीला पहिला प्रश्न तिथेच विचारा.

काम मोठं नाही. ठाणे ते कल्याण पट्ट्यातल्या जुन्या मशिदी, दर्गे आणि कबरस्तानं दहा-बारा जणांच्या गटाला एका हिवाळ्यात नोंदवता येतील. सुरुवात काळ्या तलावाच्या काठी करू. जो दगड पाहून परके लोकही थांबले आणि लिहून गेले, त्या दगडासमोर आपली मुलंही थांबली पाहिजेत. त्याच्यावर रंग चढवायची नाही, तो वाचायची सवय आपल्याला लावून घ्यावी लागेल. पुढच्या जुम्याला नमाज झाली की पाच मिनिटं जास्त थांबा आणि तुमच्या मशिदीची सगळ्यात जुनी भिंत कोणती, ते इमामसाहेबांना विचारा.